फिक्या ठिपक्यांचा माग

(स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे बरेच विद्यार्थी आज सभागृहात आहेत. फळ्यावर आकडा मांडल्याशिवाय सर कुठलंही विधान पुढे जाऊ देत नसत, असं मला इथे येण्याआधी एकाहून अधिक जणांनी बजावलं. तेव्हा मीही आज दोन ठिकाणी हिशेब मांडणार आहे. हिशेब लहान आहेत. नववीच्या मुलालाही जमतील.

पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापला आहे: सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण आणि नव्या युगाचे विद्युत-चुंबकीय पदार्थ. मी मात्र सुरुवात दोन अगदी जुन्या पदार्थांपासून करतो. एक निकेल ऑक्साइड, म्हणजे हिरवट पूड. दुसरा मॅग्नेटाइट, म्हणजे काळा चुंबकदगड, जो माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहे. या दोघांना एकत्र आणणारा माणूस एकच, एव्हर्ट व्हेरवे. हा डच रसायनज्ञ आइंडहोवनला फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. 1937 साली त्यानं आणि डी बूर या सहकाऱ्यानं एक अवघड प्रश्न जाहीरपणे विचारला. क्वांटम सिद्धांत तेव्हा नवा होता आणि धातूतून वीज का वाहते, काचेतून का वाहत नाही, याचं उत्तर त्यानं नुकतंच दिलं होतं. त्या उत्तराप्रमाणे निकेल ऑक्साइड हा धातूसारखा वाहक असायला हवा. प्रत्यक्षात तो पक्का रोधक आहे. दोनच वर्षांनी व्हेरवेनं मॅग्नेटाइट थंड करत नेलं, तर शून्याखाली सुमारे 150 अंश सेल्सियसला त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता एकदम शंभरेक पटींनी कोसळली. लोखंड तेच, ऑक्सिजन तोच, मग घडलं काय?

पहिल्या प्रश्नाचा गाभा लवकर कळला. पुढे मॉट या इंग्रज शास्त्रज्ञानं तो नीट मांडला. साध्या धातूत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्यापुरता वागतो, इतरांची सरासरी दखल घेतली की भागतं. निकेल ऑक्साइडमध्ये तसं भागत नाही. इथे एका अणूवर आधीच बसलेले इलेक्ट्रॉन नव्याला येऊ देत नाहीत, म्हणून सगळेच जागच्या जागी अडकतात. 1986 मध्ये सापडलेले तांब्याच्या ऑक्साइडांचे अतिवाहक, चुंबकीय क्षेत्रात रोध प्रचंड बदलणारी मँगनीजची ऑक्साइडं, गेल्या पंधरा-वीस वर्षांत गाजलेली इरिडियमची संयुगं, हे सगळं याच घराण्यातलं. इथे एकट्या इलेक्ट्रॉनचा विचार करून चालत नाही. त्यांची मांडणी, त्यांची शिस्त पाहावी लागते. आणि ती पाहायची कशी, हा आजचा खरा विषय.

अणूंची मांडणी कशी पाहायची हे आपल्याला 1912 पासून माहीत आहे. लाउए यांनी ती वाट दाखवली, ब्रॅग पितापुत्रांनी तिचा राजमार्ग केला. स्फटिकावर क्ष-किरण सोडा. ठरावीक दिशांना ते जोरात परावर्तित होतात आणि पडद्यावर ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागा आणि तीव्रता यांवरून अणू कुठे आहेत ते काढता येतं. थोरल्या ब्रॅगनी 1915 मध्ये मॅग्नेटाइटची साधी रचना याच रीतीनं उलगडली.

पण ठळक ठिपका काय सांगतो? क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनमुळे, आणि अणूतल्या सगळ्याच इलेक्ट्रॉनमुळे. निकेलच्या अणूत 28 इलेक्ट्रॉन. त्यांतले बहुतेक आतल्या कप्प्यांत जोडीजोडीनं बसलेले, त्यांना बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नाही. पदार्थ रोधक की वाहक, चुंबकीय की नाही, हे ठरवतात वरचे मोजके. ठळक ठिपका हा त्या निवांत बहुमताचा आवाज आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की या पदार्थांचा स्वभाव ठळक ठिपक्यांत सापडत नाही, फिक्या ठिपक्यांत सापडतो. आणि गेल्या पन्नास वर्षांतली या क्षेत्रातली प्रगती म्हणजे अधिकाधिक फिके ठिपके वाचता येणं.

आता पहिला हिशेब. इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो तसा स्पिनही असतो, म्हणजे तो एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. क्ष-किरणांना प्रामुख्यानं भार जाणवतो. स्पिन जाणवतो, पण फार थोडा. किती थोडा? क्ष-किरणाच्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातल्या ऊर्जेनं भागा. तांब्याच्या नळीतून निघणारा नेहमीचा क्ष-किरण 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. इलेक्ट्रॉनची ऊर्जा 511. भागाकार साधारण 1/64. तीव्रता वर्गानं बदलते, म्हणून 1/4000. आता निकेलच्या 28 इलेक्ट्रॉनपैकी चुंबकत्वात सहभागी दोनच, म्हणजे 1/14. त्याचा वर्ग जवळपास 1/200. दोन्हींचा गुणाकार करा. ठळक ठिपक्याच्या तुलनेत चुंबकीय ठिपका आठ लाखांत एक! ही झाली फळ्यावरची बेरीज-वजाबाकी. प्रत्यक्षात तो याहूनही दुबळा असतो.

मग तो सापडणार कसा? इथे निसर्गानं थोडी सवलत दिली आहे. निकेल ऑक्साइडमध्ये एका पातळीतले सगळे स्पिन एका दिशेला, शेजारच्या पातळीतले उलट दिशेला, पुन्हा पुढच्या पातळीतले सुलट. अणूंच्या दृष्टीनं सगळ्या पातळ्या सारख्याच, पण स्पिनच्या दृष्टीनं नक्षी दुप्पट अंतरानं फिरून येते. त्यामुळे चुंबकीय ठिपका नेहमीच्या ठिपक्यांवर न पडता मधल्या रिकाम्या जागी पडतो. शेजारच्या झगमगाटातून तो वेगळा काढावा लागत नाही, फक्त त्या जागी चिकाटीनं थांबावं लागतं.

1972 साली ग्रनोबलमध्ये दि बर्जेव्हाँ आणि ब्रुनेल यांनी हेच केलं. साधी प्रयोगशाळेतली क्ष-किरण नळी, निकेल ऑक्साइडचा स्फटिक आणि एकेका बिंदूवर तासन्‌तास मोजणी. नमुना तापवून सुमारे 250 अंश सेल्सियसच्या पलीकडे नेला की स्पिनची शिस्त मोडते आणि चुंबकीय ठिपका नाहीसा होतो. खऱ्याखोट्याची ती कसोटी. न्यूट्रॉननं हे काम आधीच होत होतं, मँगनीज ऑक्साइडवर शल आणि स्मार्ट यांनी 1949 मध्येच ते करून दाखवलं होतं, आणि न्यूट्रॉनला स्पिन चांगला जाणवतो. त्यामुळे ग्रनोबलचा प्रयोग पाहून अनेकांना तो हौशी खटाटोप वाटला असेल तर दोष देता येत नाही. नळीच्या उजेडात या पद्धतीला भविष्य नव्हतंच.

उजेड आला तो भलत्याच दिशेनं. 24 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं एक यंत्र, म्हणजे सिंक्रोट्रॉन, चालू होतं. त्याची नळी योगायोगानं पारदर्शक काचेची होती. फ्लॉइड हेबर या तंत्रज्ञानं संरक्षक भिंतीआडून आरशात डोकावून पाहिलं तर नळीत प्रखर प्रकाश. आधी वाटलं ठिणगी पडते आहे, यंत्र बिघडलं. पण तो वळण घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी टाकलेला प्रकाश होता. कणभौतिकीवाल्यांच्या लेखी हा निव्वळ तोटा: यंत्रात घातलेली ऊर्जा अशी उधळून जाते. पदार्थविज्ञानवाल्यांनी कित्येक वर्षं या दुसऱ्यांच्या यंत्रांच्या कडेला, उरल्यासुरल्या वेळात, उष्ट्या प्रकाशावर काम काढलं. मग खास प्रकाशासाठीच यंत्रं बांधली जाऊ लागली. त्यांतलं एक मोठं यंत्र, युरोपीय देशांनी मिळून उभारलेलं ईएसआरएफ, 1994 मध्ये सुरू झालं, तेही ग्रनोबललाच. परीघ 844 मीटर. इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला साडेतीन लाखांहून अधिक फेऱ्या मारतात.

दुसरा हिशेब इथे. इलेक्ट्रॉन ज्या रिंगेत फिरतात तिच्या सरळ भागांत अंड्युलेटर नावाचं उपकरण असतं: उत्तर-दक्षिण, दक्षिण-उत्तर अशा चुंबकांच्या दोन ओळी, वर आणि खाली. त्यामधून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो. एका नागमोडीची लांबी समजा 3 सेंटिमीटर. आता 3 सेंटिमीटरच्या हेलकाव्यातून क्ष-किरण कसे निघतील? सापेक्षतावाद मदतीला येतो. ईएसआरएफमधला इलेक्ट्रॉन स्थिर इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे 11,700 पट ऊर्जेचा असतो. या आकड्याचा वर्ग करून दुप्पट करा, साधारण 27 कोटी. 3 सेंटिमीटरला 27 कोटींनी भागलं की उरतं मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाइतकं अंतर, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या अंतराच्या तोडीची तरंगलांबी. प्रत्यक्षात चुंबकांच्या ताकदीनुसार आकडा थोडा बदलतो, पण आइन्स्टाइननं एका भागाकारात चुंबकांची रांग आणि अणूंची रांग जोडून दिली हे खरं. मला स्वतःला या विषयात याहून देखणं काही दिसत नाही.

क्ष-किरण नळीच्या तुलनेत हा प्रकाश अब्जावधी पटींनी तेजस्वी. पण तेजापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी त्याच्यात आहेत. तो हव्या त्या ऊर्जेला लावता येतो, आणि तो ध्रुवित असतो, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र ठरलेल्या पातळीतच डोलतं.

1980 च्या दशकात अमेरिकेत डून गिब्ज आणि त्यांचे सहकारी होल्मियम या दुर्मिळ मृदा धातूवर काम करत होते. थंड केल्यावर त्यातले स्पिन एका थरातून दुसऱ्या थरात मळसूत्रासारखे वळत जातात. 1985 मध्ये त्यांनी सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी या मळसूत्राचे ठिपके पाहिले. 1988 मध्ये त्यांनी क्ष-किरणाची ऊर्जा होल्मियमच्या आतल्या एका कप्प्याच्या ऊर्जेशी, 8.07 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टशी, अचूक जुळवली. चुंबकीय ठिपका पन्नासेक पटींनी उजळला. सतारीवर वरची तार छेडली की स्वर जुळलेल्या तरफा आपोआप गुंजू लागतात, तसा हा अनुनाद. क्ष-किरण आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन क्षणभर उचलून वरच्या रिकाम्या जागेत ठेवतो आणि तो परत खाली येतो. वरची जागा कुठली रिकामी आहे, हे त्या परिसरातल्या स्पिनवर अवलंबून. म्हणून परतणाऱ्या किरणात चुंबकत्वाची खबर येते. शिवाय ज्या मूलद्रव्याशी ऊर्जा जुळवली त्याच मूलद्रव्याची खबर येते. चार-पाच मूलद्रव्यांच्या संयुगात नेमका कोणाचा स्पिन कसा आहे, हे विचारायची सोय झाली.

ध्रुवीकरणाचा उपयोगही सांगतो, कारण बीमलाइनवरची, म्हणजे रिंगेतला प्रकाश नमुन्यापर्यंत आणणाऱ्या वाटेवरची, निम्मी मेहनत तिथेच जाते. सिंक्रोट्रॉनचा किरण आडव्या पातळीत डोलत येतो. नमुन्यानं तो उभ्या दिशेला वळवला, तर भारामुळे विखुरलेला किरण तसाच आडवा डोलत राहतो. अनुनादी चुंबकीय किरणाचं डोलणं मात्र काटकोनात फिरतं. आता शोधकाच्या आधी आणखी एक स्फटिक ठेवायचा, त्याच्यावरून किरण जवळपास 90 अंशांत वळेल असा. काटकोनात वळताना एका दिशेचं डोलणं पार गळून जातं. स्फटिक फिरवून भाराचा किरण अडवायचा, चुंबकीय तेवढा येऊ द्यायचा. अडचण अशी की प्रत्येक ऊर्जेला हा कोन साधणारा स्फटिक निराळा. ऊर्जा बदलली की स्फटिक बदला, पुन्हा सगळं सरळ रेषेत आणा. हे काम हचमध्ये, म्हणजे शिशानं मढवलेल्या खोलीत, करायचं. तिथून बाहेर पडताना आत कोणी राहिलं नाही ना हे फिरून पाहायचं, कोपऱ्यातली बटणं क्रमानं दाबायची, भोंगा वाजतो, दार बंद होतं, मगच किरण आत येतो. आणि बाहेर येऊन संगणकासमोर बसल्यावर हमखास आठवतं की एक स्क्रू आवळायचा राहिला.

या सगळ्या हत्यारांचा कस लागला तो इरिडियमवर. स्ट्रॉन्शियम इरिडेट हा रोधक आहे, पण व्हेरवे-मॉट यांच्या कारणानं तो रोधक असायला नको, कारण इरिडियमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन निकेलच्यापेक्षा खूप सैलावलेले असतात, त्यांना एकमेकांची एवढी अडचण व्हायला नको. 2008 मध्ये बी. जे. किम आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की इथे इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचं कक्षेतलं फिरणं इतकं घट्ट बांधलं गेलं आहे की दोन्ही मिळून एक नवीच अवस्था तयार होते. न्यूट्रॉननं हे तपासणं कठीण, कारण इरिडियम न्यूट्रॉन गिळून टाकतं. 2009 मध्ये जपानच्या स्प्रिंग-8 वर प्रयोग झाला. इरिडियमचे दोन शेजारी कप्पे आहेत, एक 11.2 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, दुसरा 12.8 ला. किमचं म्हणणं खरं असेल तर पहिल्या ऊर्जेला चुंबकीय ठिपका झळकायला हवा आणि दुसऱ्या ऊर्जेला लाटा एकमेकींना खोडून तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. तसंच झालं. ठिपक्याचं नसणं हाच पुरावा! प्रयोग इतका सुबक होता की काही वर्षं सगळे खूश होते. 2014 मध्ये मोरेत्ती साला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्पिन अणूंच्या थरांच्या पातळीत आडवे असतील तर दुसरा ठिपका इतर कारणांनीही गायब होऊ शकतो, एवढ्या एका पुराव्यावर निकाल देता येत नाही. मूळ कल्पना टिकली, पण इतर प्रयोगांच्या आधारावर. हा भाग पाठ्यपुस्तकांत बहुधा वगळला जातो, म्हणून मुद्दाम सांगितला.

आता व्हेरवेचा दुसरा प्रश्न. मॅग्नेटाइट आपल्याला परकं नाही. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे कण असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. 1950 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटानं दख्खनच्या खडकांवर ती मोजली. असा हा पदार्थ. त्यात दोन प्रकारचे लोह-आयन आहेत, एकावर एक इलेक्ट्रॉन जास्त. व्हेरवेचं म्हणणं असं की, वरच्या तापमानाला हे जादा इलेक्ट्रॉन इकडून तिकडे उड्या मारतात, म्हणून वीज वाहते. थंड झाल्यावर ते शिस्तीत ठरावीक जागी बसतात, म्हणून वीज थांबते. पण नेमके कुठे बसतात? याचं उत्तर मिळायला 73 वर्षं लागली.

कारण स्फटिकच दगा देत होता. थंड होताना मॅग्नेटाइटचा घन किंचित तिरका होतो, आणि घनाला तिरकं व्हायला चोवीस वाटा असतात. स्फटिकाचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या वाटा धरतात, आणि त्यांचे ठिपके एकमेकांवर चढतात. फिके, म्हणजे खरी माहिती असलेले ठिपके, त्या गर्दीत हरवतात. काही जाणत्या गटांनी तर अनुनादी क्ष-किरणांच्या आधारे इलेक्ट्रॉन असे वेगळे बसतच नाहीत, असा पक्ष लढवला, आणि वाद बराच तापला. अखेर सेन, राइट आणि ॲटफिल्ड यांनी ईएसआरएफवर केसाच्या जाडीहूनही लहान असा कण निवडला, ज्याचा जवळजवळ सगळा भाग एकाच वाटेनं गेला होता. एवढ्याशा कणातून फिके ठिपके मोजायला तसाच अणकुचीदार किरण हवा होता. 2012 मध्ये 'नेचर'मध्ये रचना प्रसिद्ध झाली. व्हेरवे ढोबळमानानं बरोबर ठरला. पण त्यानं न कल्पिलेली एक गोष्ट निघाली: जादा इलेक्ट्रॉन एका अणूवर एकटा बसत नाही, तो सरळ रेषेतल्या तीन लोह-अणूंवर पसरतो. मधला अणू मुख्य, कडेचे दोन किंचित त्याच्याकडे ओढलेले. या त्रिकुटाला त्यांनी ट्रायमेरॉन नाव दिलं. सगळा स्फटिक अशा त्रिकुटांच्या जाळ्यानं भरलेला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरवर ते जाळं प्रकाशाच्या झटक्यानं मोडून पाहिलं गेलं. रोधकाचा वाहक व्हायला लागला सुमारे दीड पिकोसेकंद.

आपल्याकडे काय आहे, असा प्रश्न शेवटी विचारला जाणारच, म्हणून आधीच सांगतो. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात दोन रिंगा आहेत. इंडस-1 लहान, 1999 पासूनची. इंडस-2 अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची, परीघ 172.5 मीटर. तिच्यावरच्या अनेक बीमलाइन मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बांधल्या आणि देशभरातल्या विद्यापीठांची मुलं तिथे रात्र-रात्र मोजणी करतात. रचना, मूलद्रव्यांची स्थिती, पातळ थर, प्रथिनं, ही कामं तिथे चांगली होतात. पण बहुतेक बीमलाइन अंड्युलेटरवरच्या नाहीत, इलेक्ट्रॉनची वाट नुसती वळवणाऱ्या वळणचुंबकांवरच्या आहेत. फिक्या ठिपक्यांसाठी लागणारा टोकदार किरण तिथून काढणं कठीण. त्यासाठी आपले गट हॅम्बुर्गच्या पेट्रा-3 ला किंवा जपानच्या त्सुकुबाला जातात, आणि दोन्हीकडे भारतीयांसाठी सोय केलेली आहे. तिथे जावं, जरूर जावं. पण वर्षातून मिळालेल्या मोजक्या पाळ्यांत माणूस खात्रीचाच प्रयोग करतो. 1972 सारखा, सगळ्यांना हौशी वाटणारा प्रयोग करायला यंत्र घरचं लागतं. इंदूरमध्ये 6 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या नव्या रिंगेचा विचार चालू आहे. माझं मत विचाराल तर ती व्हावी, आणि तिच्यातल्या निदान एका बीमलाइनचा काही वेळ निकाल काय लागेल हे ठाऊक नसलेल्या कामाला राखून ठेवावा. दरम्यान ईएसआरएफनं 2020 मध्ये त्याच 844 मीटरच्या बोगद्यात नवी रिंग बसवून किरण शंभरेक पटींनी अधिक तेजस्वी केला आहे.

त्या तेजाचं करायचं काय, तर ठिपक्यांच्याही पलीकडे जायचं. दोन ठिपक्यांच्या मधे जो अगदी मंद, पसरलेला उजेड असतो तो आजवर पार्श्वभूमी म्हणून वजा केला जात असे. 2019 मध्ये ॲटफिल्ड यांच्याच गटानं मॅग्नेटाइटच्या पुडीवर तोही मोजला. त्यातून दिसलं की अणूंची ती स्थानिक ओढाताण व्हेरवेच्या तापमानाला संपत नाही. जाळं विस्कटतं, पण तात्पुरती, जागा बदलणारी ओढाताण खोलीच्या तापमानालाही चालू असते, आणि ती थांबते पार 850 केल्व्हिनच्या आसपास, जिथे मॅग्नेटाइटचं चुंबकत्वच संपतं. म्हणजे इलेक्ट्रॉनांची ही हालचाल आणि चुंबकत्व एकत्रच उगवतात. त्यांतलं कोण कोणाला ओढतं, यावर काम चालू आहे.